आज्याची पलटण

कोपरगावात गोदावरीच्या काठी राघोबादादांचा वाडा अजून उभा आहे. दादांचा शेवट 1783 साली याच गावी झाला, एवढं आम्हाला शाळेत शिकवलं. पुढचं आज्यानं सांगितलं. या दादांचाच मुलगा दुसरा बाजीराव, आणि 1 जानेवारी 1818 रोजी भीमेकाठच्या कोरेगावात त्याच्या फौजेशी जे लढले, त्यांत आपली महार माणसं होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्री शिरूरहून निघाली होती. आठशेच्या आसपास माणसं: बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची पलटण, थोडे घोडेस्वार, मद्रासकडचे गोरे गोलंदाज. रात्रभराची चाल, आणि मग लगेच गल्लीबोळांतली लढाई. आज्या तलवारी-बंदुकांचं फारसं सांगायचा नाही, तहानेचं सांगायचा. समोर नदी दिसते, पण वाट अडवलेली. दिवस मावळायला आला तेव्हा कुठं पाणी मिळालं. हे सांगताना तो थांबायचा आणि म्हणायचा, “पान्याला आडवनं आपल्याला नवं नव्हतं पोरा. पर त्या दिशी हातात बंदूक व्हती.”

कंपनीनं ती पलटण कुणाच्या मुक्तीसाठी उभारली नव्हती, हे मी जाणतो. त्या पलटणीत इतर जातींचेही शिपाई होते. तरीही तिथल्या जयस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महारांची, 22 नावं आहेत. ज्यांची नावं गावच्या कुठल्याही दगडावर आली नसती, त्यांची तिथं आली. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, ते यासाठीच, असं मला वाटतं.

अशीच एक पलटण दूर देशीही होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात काळ्या सैनिकांची मॅसॅच्युसेट्सची 54वी पलटण लढली. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर आणि यांना 10. त्यांनी कमी पगार घ्यायचाच नाकारला आणि 1864मध्ये समान वेतनाचा कायदा होईपर्यंत बिनपगारी लढले. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आमच्यासाठी ते युद्ध तेव्हापासूनच परकं नाही.

आमच्या माणसांना पलटणीनं पगाराहून मोठी एक गोष्ट दिली, ती म्हणजे अक्षर. छावणीत शिपायांच्या मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत, आणि त्यांच्या घरात पुस्तकं होती ती त्यामुळे. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली तेव्हा बंदुकीबरोबर ही पाटीही गेली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून 1894 साली अर्ज केला, 1910मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. सरकार हललं ते पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडल्यावर. 1917 साली 111वी महार पलटण उभी राहिली, महायुद्ध संपलं आणि 1921मध्ये मोडली. माझा पणजा तिच्यात होता. परत आला तो पुन्हा गावकीच्या कामाला. त्याच्याबद्दल घरात एवढंच बोललं जायचं, आणि तेवढ्यानंही आजी चूल फुंकता फुंकता गप्प व्हायची.

1941मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज्या बातमी ऐकून भरतीला गेला. सुरुवातीला त्याच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढं रेजिमेंट मशीनगनची झाली आणि 1947 साली पंजाबात तिनं निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण दिलं. आज्या सांगायचा, ट्रकमधल्या एका म्हातारीनं त्याच्या बाटलीतलं पाणी न विचारता घेतलं आणि नातवाला पाजलं. जात विचारली नाही. बंदोबस्ताच्या साऱ्या गोष्टींत तो ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा.

निवृत्तीनंतरही सणावाराला तो तांब्यात निखारे घालून खाकी सदऱ्याला कडक घडी पाडायचा. पेन्शन आली की पहिला खर्च ठरलेला असे: माझ्या आत्याची फी. आत्या मॅट्रिक झाली आणि पुढं शिक्षिका. पणज्याच्या वेळचं सारं मला तिनंच सांगितलं.