दार लावणारा, दार उघडणारा

चारचौघांत न मिसळणाऱ्या मनुष्यास मराठींत ‘एकलकोंडा’ म्हणतात, आणि त्या शब्दांत थोडा ठपका असतो. त्यालाच ‘एकांतवासी’ म्हटलें कीं तो आदरास पात्र होतो. इंग्रजींतील ‘रिक्लूज’ हा शब्द मात्र दोन्ही अर्थांनीं चालतो. निंदा कीं स्तुति, हें बोलणाराच्या सुरावर ठरतें.

या शब्दाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ज्या लॅटिन धातूपासून तो आला, त्याचा जुना अर्थ ‘उघडणें’ असा होता. उत्तरकालीन लॅटिनमध्यें तोच धातु ‘कोंडून ठेवणें’ या अर्थीं रूढ झाला. मध्ययुगीन इंग्लंडांत चर्चच्या भिंतीस लागून असलेल्या खोलींत आजन्म राहणारे स्त्रीपुरुष या नांवानें ओळखले जात. परंतु त्या खोलीलाहि बाहेरच्या जगाकडे उघडणारी एक खिडकी असे. नॉर्विचची ज्युलियन अशीच कोंडून राहिलेली स्त्री; तिच्याकडे १४१३ च्या सुमारास मार्जरी केम्प नांवाची गृहिणी सल्ला विचारावयास गेली होती.

त्या खिडकीचें मर्म वर्धा जिल्ह्याच्या इतिहासांतहि सांपडतें. विनोबा भावे १९२१ मध्यें वर्ध्यास आले. प्रकृति ढांसळल्यावर १९३८ मध्यें ते जवळच पवनार येथें, धाम नदीच्या कांठीं, विश्रांतीसाठीं गेले. बाहेरच्या जगास त्यांचें नांव फारसें ठाऊक नव्हतें. १९४० मध्यें गांधीजींनीं त्यांस पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलें, तेव्हां ते कोण आहेत, हें त्यांना ‘हरिजन’ पत्रांत लेख लिहून सांगावें लागलें. पुढें याच एकांतप्रिय पुरुषानें १९५१ मध्यें पवनार सोडलें. त्याच वर्षीं पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला, आणि जमीन मागत देशभर पायीं हिंडून ते १९६४ मध्यें परतले.

१९७० मध्यें त्यांनीं क्षेत्रसंन्यास घेतला आणि २५ डिसेंबर १९७४ रोजीं वर्षभराचें मौन धरलें. त्या मौनांतच आणीबाणी आली. लोकांस त्यांचा स्पष्ट शब्द हवा होता. मिळाला तो ‘अनुशासनपर्व’ एवढाच लिखित शब्द, आणि सरकारनें तो आपल्या प्रचारास जोडला. आचार्यांचें अनुशासन अभिप्रेत होतें, हा खुलासा मौन सुटल्यावर झाला. तोंपर्यंत टीका होऊन गेली होती.

एकाच पुरुषाचा एकांत एकदां लोकांच्या उपयोगी पडला आणि एकदां लोकांस जाचला. तेव्हां कोणास ‘एकलकोंडा’ म्हणण्यापूर्वीं त्याचें दार बंद आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. खिडकी कोणासाठीं उघडी आहे, आणि गरजेच्या वेळीं ती उघडते कीं नाहीं, हें पाहावें लागतें.