संज्ञापन, मानवी

माणसामाणसांत अर्थाची देवघेव होण्याची प्रक्रिया. बोलणे-लिहिणे हा तिचा ठळक भाग. पण स्वर, नजर, हावभाव, शारीरिक अंतर आणि मौन यांतूनही ती घडते. संप्रेषण हा शब्दही याच अर्थी रूढ आहे.

प्रेषक, संदेश, वाहिनी, ग्राहक आणि व्यत्यय ही तिच्या घटकांची प्रचलित नावे मुख्यतः दूरसंचाराच्या तंत्रातून आली. बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेला प्रश्न तांत्रिक होता : एका टोकाला निवडलेला संदेश दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कसा उभा करावा? संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाचा संबंध नाही, असे त्यांनी आरंभीच बजावले होते. १९४९ मध्ये वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह हा सिद्धांत पुस्तकरूपाने आला आणि त्यातील आकृती अभियांत्रिकीबाहेरही पसरली. ते बजावणे मात्र मागे राहिले. पाठ्यपुस्तकांतील सरळ बाणामुळे अर्थ हा पार्सलासारखा पोचवता येतो, असा समज अजून होतो.

हॅरल्ड लासवेल यांचे ‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामासह सांगतो’ हे सूत्रही १९४८ चेच. प्रचार आणि वृत्तपत्रे यांच्या अभ्यासाला ते सोयीचे; घरातल्या संभाषणाला अपुरे. विल्बर श्रॅम यांनी १९५४ मध्ये ही प्रक्रिया वर्तुळाकार मानली. त्यांच्या मते दोन्ही पक्ष एकाच वेळी सांगणारे आणि उलगडणारे असतात, आणि दोघांचे अनुभवविश्व जेवढे जुळते तेवढाच अर्थ पोचतो. नॉर्बर्ट वीनर यांच्या सायबरनेटिक्समधील प्रत्याभरणाची (फीडबॅकची) कल्पनाही याच सुमारास या विचारात रुजली.

तत्त्वांच्या दृष्टीने पॉल वॉट्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन यांचा १९६७ चा ग्रंथ महत्त्वाचा. दुसऱ्याच्या सहवासात असताना काहीच न कळवणे अशक्य असते, हे त्यांचे पहिले तत्त्व. (प्रत्येक वर्तनाला संज्ञापन म्हणावे का, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे.) दुसरे तत्त्व अधिक टिकाऊ ठरले : प्रत्येक संदेशात आशयाबरोबर नातेही सांगितले जाते. ‘बस’ आणि ‘बसा’ यांत सूचना एकच, नाते वेगळे.

बोललेले आणि अभिप्रेत यांतील अंतर ऐकणारा कसे भरून काढतो, हे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या हार्वर्ड व्याख्यानांत उलगडले. समोरचा पुरेसे, खरे, प्रस्तुत आणि स्पष्ट बोलत असणार, असे आपण गृहीत धरतो. वरवर तसे दिसले नाही, तर आडचा अर्थ शोधतो. पाहुण्याने चपला घातल्यावर यजमान म्हणतात, “अहो, जेवूनच जायचं होतं!” पाहुणा “पुन्हा कधीतरी” म्हणतो, आणि दोघांचाही गैरसमज होत नाही.

शब्देतर संज्ञापनाचा विचार प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार आहेत. शब्दांचा त्यांपैकी एकच. उलट, ‘संभाषणात शब्दांचा वाटा ७ टक्केच’ हे प्रशिक्षणवर्गांतील लाडके विधान दिशाभूल करणारे आहे. ॲल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांत सुटे शब्द, स्वर आणि चेहरे वापरले होते. तो निष्कर्ष भावना व आवडनावड व्यक्त करण्यापुरताच आहे, असा खुलासा स्वतः मेहराबियन यांनी केला आहे. औषधाची मात्रा सांगताना तो लागू होत नाही.