'ओकी' ही शिवी गाण्यात आली तेव्हा

अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काऊबॉयची टोपी, गिटार आणि झेंडा येतो. या गाण्यांतली देशभक्ती म्हणजे सरकारची तळी उचलणं, असंही आपण चटकन म्हणून टाकतो. ही समजूत आज आपण एकाच गायकाच्या आधारे तपासू. तो गायक म्हणजे मर्ल हॅगर्ड.

सुरुवात एका शिवीपासून करू. १९३०च्या दशकात मंदी आणि दुष्काळामुळे ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतली लाखो माणसं गाव सोडून कॅलिफोर्नियाकडे निघाली. तिथे कापूस वेचायचा, फळं तोडायची, मिळेल तिथे राहायचं. स्थानिक लोक त्यांना हिणवून 'ओकी' म्हणायचे. हॅगर्डचे आईवडील याच लोंढ्यातले. १९३७ साली तो जन्मला तेव्हा घर म्हणजे काय, तर रेल्वेचा जुना मालडबा, वडिलांनी राहण्याजोगा केलेला. पुढे चोरीच्या गुन्ह्यात तो सॅन क्वेंटिन तुरुंगात गेला आणि १९६० मध्ये सुटला.

आता १९६९ साल बघा. व्हिएतनामचं युद्ध चालू आहे. कॉलेजात शिकणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून सवलत मिळते. जो मुलगा कारखान्यात लागला, त्याला ती वाट नाही. आणि युद्धाविरुद्धची निदर्शनं मोठ्या प्रमाणात होतात ती विद्यापीठांत! ज्याचा मुलगा लढायला गेलाय, त्या बापाला काय वाटत असेल? त्याच वर्षी 'ओकी फ्रॉम मस्कोगी' आलं आणि कंट्रीच्या यादीत पहिलं ठरलं. ज्या शब्दाने आईबापांचा अपमान झाला, तो मुलाने मानाने मिरवला. त्याच वर्षीचं 'वर्किंग मॅन ब्लूज' हे तर सरळ कष्टकऱ्याचं गाणं. आमच्या मते दोन्हींतला अभिमान एकच आहे: देश आमच्या हातांवर चालतो, मग आम्हाला कमी का लेखता?

राजकारणाने हे बरोबर हेरलं. १९७३ मध्ये निक्सन यांनी हॅगर्डला व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावलं. बाजारानेही हेरलं. त्याला 'अर्मा जॅक्सन' हे गोरा पुरुष आणि काळी स्त्री यांच्या प्रेमाचं गाणं काढायचं होतं. कंपनीने १९७० मध्ये त्याऐवजी 'द फायटिन साइड ऑफ मी' हे आणखी एक देशभक्तीचं गाणं पुढे केलं.

पण गंमत बघा. १९७३ मध्येच त्याचं 'इफ वुई मेक इट थ्रू डिसेंबर' आलं. कारखान्यातून काढलेला बाप, तोंडावर नाताळ, घरात लहान मुलगी, खिसा रिकामा. इथे झेंडा नाहीच. आणि २००३ मध्ये, इराक युद्धाच्या वेळी राष्ट्राध्यक्षांवर टीका केली म्हणून अनेक रेडिओ केंद्रांनी डिक्सी चिक्सची गाणी बंद केली, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांत हाच हॅगर्ड होता.

म्हणजे झेंड्याचं गाणं आणि कामावरून काढलेल्या बापाचं गाणं एकाच गळ्यातून आलंय. पहिलं तेवढं ऐकलं, तर आपल्या हाती फक्त घोषणा लागते. दोन्ही ऐकली, तर माणूस सापडतो.