घाटातील घोडी आणि मैदानातील वछेरी

१/ पुणे जिल्ह्यात शर्यतीची घोडी दोन ठिकाणी धावते. एक पुण्याच्या रेसकोर्सवर, कापलेल्या हिरवळीवर, पाठीवर रेशमी सदऱ्यातला जॉकी घेऊन. दुसरी भोसरी, चाकण, खेड, आंबेगाव, जुन्नर पट्ट्यातील बैलगाड्याच्या घाटात, चार बैलांच्या पुढे, उडत्या भंडाऱ्यात. प्राणी एकच, जिल्हाही एकच. मात्र कायद्याने दोघींचे भाग्य निराळे लिहिले. त्या निराळेपणाचा हा इतिहास.

२/ प्रथम मैदानाकडे पाहू. पश्चिम भारतातील घोड्यांच्या संघटित शर्यतींचा आरंभ ब्रिटिश अंमलातला. मुंबईत १८०२ साली टर्फ क्लब स्थापन झाला आणि भायखळ्याला शर्यती होऊ लागल्या. पुण्याचे रेसकोर्स १८३० चे, म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम बारा वर्षे झाल्यानंतरचे. महालक्ष्मीचे मैदान १८८३ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून हिवाळा मुंबईचा आणि पावसाळा पुण्याचा, अशी शर्यतींची वाटणी रूढ झाली.

३/ या खेळात माद्यांसाठी स्वतंत्र मानाच्या शर्यती असतात. इंग्लंडमधील एप्सम येथे १७७९ साली तीन वर्षांच्या वछेऱ्यांसाठी, म्हणजे तरुण घोड्यांसाठी नव्हे तर केवळ तरुण घोड्यांच्या माद्यांसाठी, ‘ओक्स’ सुरू झाली. प्रख्यात डर्बी तिच्या एक वर्षानंतरची. हाच साचा पुढे साम्राज्यभर गेला. कॅनडात ओक्स आहे, आणि मुंबईत महालक्ष्मीलाही आहे.

४/ डर्बीत मात्र नर आणि मादी दोघेही उतरू शकतात. भारतीय डर्बी प्रथम १९४३ साली महालक्ष्मीवर धावली आणि ती जिंकली एका वछेरीने. तिचे नाव प्रिन्सेस ब्युटिफुल, स्वार ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट आणि मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

५/ प्रतापसिंहरावांचा घोड्यांचा शौक मुंबईपुरता राहिला नाही. त्यांच्या ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याने १९४७ साली इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. पुढच्याच वर्षी ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज मारली. मराठी राजघराण्याचे नाव इंग्रजांच्या मैदानावर, इंग्रजांच्याच खेळात, घेतले जात होते.

६/ आता हे गायकवाड मूळचे कुठले? खेड तालुक्यातील दावडीचे. भोसरीहून नाशिक रस्त्याने मोशी, चाकण, राजगुरुनगर अशी वाट धरली की हा मुलूख लागतो. शेजारच्या निमगावला खंडोबाचे देवस्थान आहे आणि तिथल्या यात्रेत बैलगाडे धावतात. पहिली डर्बी जिंकणाऱ्या वछेरीच्या मालकाचे मूळ गाव बैलगाड्याच्या पट्ट्यात आहे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

७/ या पट्ट्यातील शर्यत महाराष्ट्रातील इतर शर्यतींहून वेगळी. सातारा, सांगलीकडे दोन बैलांचा छकडा असतो आणि त्यावर हाकणारा बसतो. विदर्भात शंकरपट असतो. उत्तर पुणे जिल्ह्यात मात्र चार बैल जुंपतात, गाड्यावर कोणी बसत नाही, आणि चढावर बांधलेल्या घाटातून बैल वर सुटतात. एका गाड्याच्या धावेला ‘बारी’ म्हणतात. बारी काही सेकंदांत संपते. निकाल घड्याळ देते, आणि सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो.

८/ गाड्यावर हाकणारा नाही, मग बैलांना दिशा कोण देतो? घोडी. स्वाराला पाठीवर घेऊन ती बैलांच्या पुढे सुटते आणि बैल तिच्या मागे झेपावतात. तिने फार पुढे निघून चालत नाही, कारण बैलांचे लक्ष तुटते. मागे रेंगाळूनही चालत नाही, कारण मागून चार बैलांचा लोंढा येत असतो. रेसकोर्सवरची वछेरी स्वतः जिंकण्यासाठी धावते. घाटातली घोडी दुसऱ्याला जिंकून देण्यासाठी धावते, आणि बक्षीस गाड्याच्या नावावर लागते.

९/ तयारी मात्र दोन्हीकडे सारखीच कसोशीची. शर्यतीचा बैल सहसा खिल्लार जातीचा, म्हणजे माणदेश, सोलापूर, सांगलीच्या कोरड्या मुलखातला चपळ बैल. त्याला खुराकात दूध, अंडी, पेंड, डाळ. त्याच्याकडून पोहून घेतात, सराव करून घेतात, आणि घोडीमागे धावण्याची सवय लावतात. प्रतिस्पर्धी गाडामालक एकमेकांच्या बैलांवर आणि घोडीवर बारीक नजर ठेवून असतात. यात्रांचा हंगाम आला की गावोगावच्या चुरशीला धार चढते.

१०/ मराठी मुलखाला घोडी नवी नव्हे. भीमेच्या काठचा ‘भीमथडी’ घोडा हा मराठा घोडदळाचा कणा होता. अंगाने लहान, पण काटक, डोंगरात न थकणारा आणि थोड्या चाऱ्यावर भागवणारा. भोसरीच्या दोन बाजूंनी वाहणाऱ्या इंद्रायणी आणि पवना शेवटी भीमेच्याच खोऱ्यात जातात. घोडदळे गेली, पण घोड्यावर बसण्याचे कसब धनगरी कळपांबरोबर, देवाच्या यात्रांत आणि घाटात टिकून राहिले.

११/ दरम्यान भोसरीचे शिवार पालटले. १९६० नंतर औद्योगिक विकास महामंडळाने या परिसरातील जमिनी संपादित केल्या. १९७० साली भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. नांगराचा बैल अनावश्यक झाला, ट्रॅक्टरने गावोगावची दावण रिकामी केली. तरी शर्यतीचा बैल उरला. ज्या घरात शेत राहिले नाही त्या घरातही बैल राहिला. शेतकरी असल्याची ती शेवटची खूण होती.

१२/ आणि मग कायदा आला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या कलम २२ नुसार काही प्राण्यांचे प्रदर्शन व त्यासाठीचे प्रशिक्षण केंद्र सरकार निषिद्ध ठरवू शकते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या जोडीला बैल बसवला गेला. ऑगस्टमध्ये राज्य शासनाने शर्यती थांबवल्या आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

१३/ ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू प्रकरणात निकाल दिला आणि त्याच निकालाने महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतीही बंद झाल्या. न्यायालयाचा युक्तिवाद असा की बैल हा ओढकाम करणारा प्राणी आहे. त्याची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो धावतो तो भीतीने व वेदनेने. शेपटी पिरगाळणे, टोचणे, मारणे या प्रकारांचे पुरावे न्यायालयासमोर होते. ते खोटे नव्हते, आणि गाडाशौकिनांपैकी अनेकांना ते ठाऊकही होते.

१४/ घोडा या यादीत कधीच नव्हता. उलट १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवले होते. प्रश्न तेव्हा जुगाराचा होता, क्रूरतेचा नव्हे, पण त्या निकालाने मैदानाला मोठा आधार दिला. परिणामी पुण्याच्या रेसकोर्सवर वछेऱ्या धावत राहिल्या. घाटातल्या घोडीवर थेट बंदी नव्हती, परंतु बैलच थांबले तेव्हा तिचेही काम गेले. ग्रामीण भागात उमटलेल्या संतापाचे मूळ इथे आहे. श्रीमंताचा चाबूक खेळात मोजला जातो आणि गरिबाची काठी गुन्ह्यात, ही भावना त्यात होती.

१५/ ती भावना समजण्याजोगी असली तरी युक्तिवाद म्हणून अपुरी आहे. एका मैदानावर चाबूक चालतो म्हणून दुसऱ्या मैदानावर काठी क्षम्य ठरत नाही. मात्र कायद्याच्या बाजूनेही एक प्रश्न अनुत्तरित राहिला. ज्या प्राण्याचा शेतीतला उपयोग संपला आहे, त्याला शर्यतीतूनही काढले तर त्याला पोसणार कोण? खिल्लाराचे भवितव्य या प्रश्नाला बांधलेले होते.

१६/ पुढील घटना वेगाने घडल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सवलत दिली, सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांत ती रोखली. २०१७ च्या आरंभी तामिळनाडूत जल्लिकट्टूसाठी प्रचंड आंदोलन झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने दुरुस्ती कायदा केला, पण उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले.

१७/ अटी महत्त्वाच्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धावेच्या अंतराला मर्यादा, काठी, चाबूक व विजेच्या उपकरणाला मनाई. घटनापीठाने कायदा वाचवला तो याच भरवशावर की या अटी कागदावर राहणार नाहीत. म्हणजे शर्यतीचे भवितव्य आता न्यायालयात कमी आणि घाटात जास्त ठरणार आहे.

१८/ मे २०२२ मध्ये भोसरी मतदारसंघातील चिखली येथे भव्य शर्यत भरली. बक्षिसांत जेसीबी यंत्र होते. जेसीबीचा कारखाना याच पट्ट्यात, तळेगावला आहे. ज्या यंत्राने इथली शेते उकरून सपाट केली, तेच यंत्र शेतकऱ्याच्या बैलाला बक्षीस मिळाले. औद्योगिक पट्ट्यातील ग्रामसंस्कृतीचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण.

१९/ प्रिन्सेस ब्युटिफुलचे नाव डर्बीच्या विजेत्यांच्या यादीत पहिले आहे आणि तिथेच राहील. घाटातील घोड्यांची अशी कोणतीही यादी नाही. त्यांची नावे स्वारांच्या आणि शौकिनांच्या तोंडी असतात आणि एका पिढीनंतर विरतात. बैलगाड्याला परंपरा म्हणून न्यायालयात मान्यता मिळाली. आता त्या परंपरेची नोंद ठेवणे, आणि तिच्यात धावणाऱ्या मुक्या जिवांना वेदनेवाचून धावू देणे, ही दोन्ही कामे गावांचीच आहेत.