साक्रीच्या कालवणातला गोड्या पाण्याचा मासा

धुळे जिल्ह्यातलं साक्री समुद्रापासून फार लांब नाही. दहिवेल, विसरवाडी, नवापूर अशी गावं मागे टाकत महामार्गाने उतरलं, की सुरत गाठायला ट्रकला एक रात्रही लागत नाही. तरीही या गावाने ताजा म्हणून जो मासा पिढ्यान्‌पिढ्या रांधला, तो समुद्राचा नव्हता. समुद्र इथवर यायचा तो वाळून: बोंबील, सुकट, झिंगे. ताजा मासा म्हटला की तो नदीचा, नाल्याचा, डोहाचा. नदीचं पाणी जसं बदलत गेलं, तसा कालवणातला मासाही बदलत गेला.

साक्री कान नदीच्या काठी आहे. कान ज्या नदीला मिळते ती पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत उगम पावते, पिंपळनेरवरून पूर्वेला येते, धुळे शहरातून जाते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये हा सगळा मुलूख पिंपळनेर तालुका म्हणून नोंदलेला आहे. इथल्या नद्या पावसाच्या. आषाढात दुथडी भरून वाहणारी नदी फाल्गुनात वाळूवरच्या धारेएवढी उरते. म्हणून ताज्या माशाचेही हंगाम दोनच: पहिल्या पुराचा आणि आटत्या डोहांचा.

पहिल्या पुराचा हंगाम पश्चिमेच्या डोंगरपट्ट्याचा. मृगाचा पाऊस नाल्यांना आला, की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. कोकणी, भिल्ल, मावची आदिवासी पाड्यांवरची माणसं हीच वेळ गाठत. अरुंद धारेत दगडांचा बांध घालायचा, मधे एकच वाट ठेवायची आणि त्या वाटेवर बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचा. त्यात सापडणारी मासळी बहुतेक बोटभर लांबीची. ती चिरायची सोयच नसते. पोट दाबून साफ करायची, मीठ-मिरची लावायची, पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजायची आणि नागलीच्या भाकरीबरोबर अख्खी खायची. जास्तीची चुलीवरच्या धुरात वाळवून ठेवायची.

दुसरा हंगाम उन्हाळ्याचा. धार तुटली, की मासे खोलगट डोहांत कोंडतात. हात, टोपली, जाळं, गळ, जे असेल त्याने ते धरले जात. गेळाची फळं किंवा हिंगणबेट कुटून पाण्यात मिसळायची रीतही जंगलपट्ट्यांत जुनी. त्याने मासा गुंगून वर येतो. ब्रिटिश काळात रस्ते आणि विहिरींसाठी सुरुंगाची दारू सगळीकडे पोचली आणि डोह उडवून मासे मारण्याचं नवं साधन लोकांच्या हाती आलं. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा ठरवलं. सुरुंगात मोठ्याबरोबर पिल्लू आणि अंडीही जातात, आणि मग पुढच्या पावसात वर चढायला काहीच उरत नाही.

नदी आटल्यावरही काही ठिकाणी पाणी टिकायचं, ते बंधाऱ्यांमुळे. पांझरेची खरी कीर्ती तिच्या फड पद्धतीची आहे. नदीवर ठरावीक अंतराने दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या शेतीचे फड, कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात भात हे गावाने मिळून ठरवायचं, आणि पाणी वाटायला पाटकरी. तीनशे-चारशे वर्षांची ही व्यवस्था सिंचनाच्या अभ्यासकांनी वाखाणली आहे. ती उभारली शेतीसाठी, पण बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तुंबलेल्या पाण्यात मासाही तग धरायचा. भोई समाजाची जाळी अशा पाण्यांवर चालायची. पालख्या वाहणं आणि मासे धरणं हे भोयांचे परंपरागत व्यवसाय. पालख्या गेल्या, जाळी राहिली.

बर्फ नसलेल्या काळात उन्हाच्या या मुलुखात ताजेपणाची खात्री कशी करायची? याचं सगळ्यात चोख उत्तर मरळ. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचा अवयव असतो. थोड्या पाण्याच्या हंड्यात, ओल्या गोणपाटातसुद्धा ती तासन्‌तास जगते. त्यामुळे डोहापासून गावापर्यंतची वाट ती जिवंतपणीच पार करते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मारली जाते. तिच्यात काटे कमी, मांस घट्ट आणि रश्श्यात न विरघळणारं. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला मरळीचा रस्सा द्यावा, असं महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मानतात. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं. देशावरच्या गावांनी मत दिलं असतं, तर मरळीचं पारडं जड झालं असतं.

मरळीसोबत वाम, शिंगाडा आणि दगडांना चिकटून राहणारे छोटे मळे, ही दख्खनच्या नद्यांची मूळची मासळी. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1820 च्या दशकात दख्खनचं सर्वेक्षण केलं आणि पुढे इथल्या माशांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आज ताटात सर्रास दिसणारे कटला, रोहू, मृगळ त्या काळच्या या नद्यांचे रहिवासी नव्हते. ते गंगेच्या खोऱ्यातले.

ते इकडे आले धरणांबरोबर. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत साक्री तालुक्याचा नकाशा बदलला. कान नदीवर मालनगाव, पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा, जामखेली आणि बुराईवरचे प्रकल्प, आणि अलीकडे पांझरेवरच अक्कलपाडा. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रभर पाझर तलाव खोदले गेले. एवढं साचलेलं पाणी या भागाने आधी पाहिलं नव्हतं. त्यात सोडायला बीज हवं होतं. पण कटला-रोहूसारखे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची वाहती नदी लागते. त्यामुळे बीज गंगेच्या खोऱ्यात नदीतून गोळा व्हायचं आणि हावड्याहून रेल्वेने देशभर जायचं. वाटेत बरंच मरायचं, आणि त्यात नको ते मासेही मिसळलेले असायचे.

10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. बीज जिथे हवं तिथे तयार होऊ लागलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. खानदेशातल्या धरणाच्या कडेला किलोने विकला जाणारा कटला हा त्या प्रयोगाचाच वंशज.

पाणी सरकारचं, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेचा, बीज संस्थेने सोडायचं, ही रीत राज्यभर रुळली. नदीवर ज्याचं जाळं त्याचा मासा होता; धरणावर हिशेब, हप्ते आणि वाद आले. पण त्याबरोबर घरच्या स्वयंपाकात पहिल्यांदाच मोठा ताजा मासा नियमित येऊ लागला. पश्चिमेला तापीवर 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झालं. त्याचं पाणी नवापूरच्या बाजूला गावं आणि शेतं बुडवून पसरलं. ज्यांची जमीन गेली, त्यांतल्या अनेकांनी हातात जाळं घेतलं. त्या जलाशयाची मासळी मोठी असते, पण तिच्यामागे उठवलेल्या गावांचा इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही.

मग बर्फ आला. आंध्रच्या कृष्णा-गोदावरी पट्ट्यातल्या तळ्यांचा रोहू-कटला थर्माकोलच्या पेट्यांतून महाराष्ट्राच्या आतल्या बाजारांत पोचू लागला. पावसाळ्यात 1 जूनपासून दोन महिने समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा या पेट्यांना आणि धरणाच्या मासळीला मागणी वाढते. बर्फामुळे मासा रोज मिळतो, पण तो कधी मेला हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

म्हणूनच जाणती बाई आजही तुकडे मागत नाही, अख्खा मासा हातात घेते. कल्ला उचलून बघते: लालभडक हवा, तपकिरी पडला की परत ठेवायचा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. पोट फुगलेलं किंवा फुटलेलं नको. वजन अख्ख्या माशाचं होतं, मग तिथेच खवले काढून, पोट साफ करून तुकडे पाडून घेतात आणि डोकं आठवणीने मागून घेतात, कारण रश्श्याची चव डोक्यात असते. घरी हळद-मीठ लावून चिखलाचा वास घालवायचा, भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला यांचं वाटण तेलात तर्री सुटेपर्यंत परतायचं. सोबत बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी.

या सगळ्यात मूळची मासळी मात्र मागे पडत गेली. 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे बाजारातली चिलापी, गोड्या पाण्यांत झपाट्याने पसरला; वर्षातून अनेकदा वीण करणाऱ्या या माशापुढे स्थानिक जाती टिकाव धरत नाहीत. आफ्रिकन मागूर या माशावर केंद्राने 2000 मध्ये बंदी घातली, तरी त्याची चोरटी पैदास महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा पकडली गेली आहे. नदीतल्या वाळूउपशाने डोहांचे तळ उखडले, आणि धरणांच्या भिंतींनी पहिल्या पुरात वर चढणाऱ्या माशांची वाट अडवली.

महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर मासे आजही मोकळे पोहतात. लोकांनी ठरवलं तर एक डोह वाचतो, याचा तो पुरावा. फडाच्या पाण्याचे नियम गावाने बसून करणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या पांझराकाठाला हे अवघड जाऊ नये. प्रत्येक बंधाऱ्यावर एखादा डोह जाळ्याविना सोडावा, मृगाच्या पहिल्या पंधरवड्यात नाल्यांवर सापळे लावू नयेत, आणि तलावाचा ठेका देताना कटल्याच्या बीजाबरोबर मरळीचंही बीज सोडण्याची अट घालावी. मरळीचं बीज तयार करण्याचं तंत्र आता देशात आहे.