डिस्क कुणी भरली आणि फाइल कुणाची? लिनक्सवर जागा आणि युजर खाती सांभाळायची कशी

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळी मोबाइल उघडल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आहे? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं एखादं छोटं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून त्याचा सर्व्हर केलेला आहे. कास्टिंगची ड्रॉइंग्ज, हिशेबाच्या फाइली, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सगळं त्यावरच. तिथेही एक पातळी रोज चढत असते आणि ती कुणी बघत नाही. मग ऐन जीएसटी भरायच्या दिवशी स्क्रीनवर येतं, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

डिस्क भरली की नेमकं काय होतं?

नवीन फाइल सेव्ह होत नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. लिनक्स स्वतःसुद्धा सतत लिहीत असतं. कोण आत आलं, कुठली सेवा बंद पडली, याच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवत असतं. मुख्य डिस्कच भरली तर डेटाबेस थांबतो, प्रिंट अडकते. कधी पासवर्ड बरोबर देऊनही स्क्रीन फिरून लॉगिनवरच येते. ऑफिसातल्या लोकांना वाटतं हॅक झालं. तसं काही झालेलं नसतं.

अशा वेळी पहिली कमांड ‘डीएफ’. (कमांडचा इथे उच्चार दिला आहे; कीबोर्डवर ती इंग्रजीत, लहान अक्षरांतच टाइप करायची.) कुठल्या व्हॉल्यूममध्ये किती जागा वापरली आणि किती उरली, हे ती सांगते. दुसरी ‘डीयू’. ती फोल्डरनुसार हिशेब देते, म्हणजे जागा नेमकी कुणी खाल्ली ते कळतं.

कधी कधी या दोघींचा हिशेब जुळत नाही. त्यामागचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. समजा, ४० जीबीची लॉग फाइल कुणीतरी डिलीट केली, पण एखादा प्रोग्रॅम अजून ती उघडून बसला आहे. फोल्डरमधून फाइलचं नाव गेलं, जागा मात्र सुटली नाही. तो प्रोग्रॅम बंद किंवा रीस्टार्ट होईपर्यंत ती सुटत नाही. अशा फाइली ‘एलएसओएफ’ या कमांडने दिसतात.

याच्या उलटही घडतं. जागा भरपूर दिसते, तरी फाइल तयार होत नाही. प्रत्येक फाइलला एक नोंद लागते, तिला आयनोड म्हणतात. ‘ईएक्सटी४’ या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करतानाच आयनोडची संख्या ठरून जाते. लाखो बारीकसारीक फाइलींनी ती संपवली की जागा असूनही उपयोग नाही. ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय जोडला की हे उघड होतं.

आणखी एक गोष्ट. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना सहसा ५ टक्के जागा ‘रूट’साठी, म्हणजे सिस्टिमच्या मालकासाठी, राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर ही जागा ५० जीबीच्या आसपास भरते. बाकीच्यांसाठी डिस्क भरली तरी रूटला आत येऊन साफसफाई करता यावी, हा त्यामागचा हेतू. मुख्य डिस्कवर ती राहू द्यावी. फक्त साठवणीच्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस’ने कमी केली तर चालते.

पार्टिशन, व्हॉल्यूम, माउंट: हा घोळ काय आहे?

पार्टिशन म्हणजे शेतातला पक्का बांध. एकदा घातला की एका बाजूला पीक मावत नाही आणि दुसरी बाजू पडीक, असं झालं तरी बांध सरकवणं जिकिरीचं. यावरचा उपाय म्हणजे एलव्हीएम, लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. यात एक किंवा अनेक डिस्क एका गटात टाकतात आणि त्या सामाईक जागेतून हवे तेवढे तुकडे कापतात. या तुकड्यांनाच लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात. एक तुकडा भरत आला तर गटातली मोकळी जागा त्याला देता येते. तीही बहुतेक वेळा काम चालू असताना.

वाढवण्याच्या दोन पायऱ्या असतात आणि दुसरी हमखास विसरली जाते. आधी व्हॉल्यूम वाढवायचा, मग त्यावरची फाइल सिस्टिम. नुसता व्हॉल्यूम वाढवून ‘डीएफ’ पाहिलं तर आकडा जसाच्या तसा दिसतो आणि माणूस गोंधळतो. कमी करणं त्याहून अवघड. ईएक्सटी४ लहान करायची तर आधी ती बाजूला काढावी लागते. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिममध्ये २०१४ पासून ठरलेली ‘एक्सएफएस’ तर लहान करता येत नाही, असंच धरून चालावं. म्हणून सुरुवातीलाच सगळी जागा वाटून टाकू नये. गटात थोडी शिल्लक ठेवावी आणि लागेल तशी द्यावी.

एलव्हीएमने दोन डिस्क जोडल्या म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. साध्या पद्धतीने जोडलेल्या दोन डिस्कपैकी एक गेली, तर दोन्हींवर पसरलेला व्हॉल्यूम अडचणीत येतो. एकावर होता त्यापेक्षा धोका वाढलाच. डिस्क गेल्यावरही काम चालू राहावं यासाठी रेड असतं, आणि हरवलेली फाइल परत मिळावी यासाठी बॅकअप.

आता माउंट. विंडोजसारखे सी, डी ड्राइव्ह लिनक्सवर नसतात. एकच मोठं झाड असतं आणि प्रत्येक व्हॉल्यूम त्याच्या एखाद्या फोल्डरवर बसवला जातो. इथे एक वाईट सापळा आहे. बॅकअपची बाहेरची डिस्क ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरवर बसते असं समजा. एका रात्री तिची केबल सैल झाली. फोल्डर मात्र तिथेच आहे. बॅकअपचा प्रोग्रॅम तक्रार न करता त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, लिहीत सुटतो. दोन-चार दिवसांत मुख्य डिस्क भरते. नंतर केबल नीट लावली की बाहेरची डिस्क त्या फोल्डरवर बसते आणि चुकून पडलेला ढीग तिच्याखाली झाकला जातो. जागा गेलेली, पण दिसत कुठेच नाही. बॅकअपआधी डिस्क खरंच बसलेली आहे का, हे तपासणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली की हा ताप वाचतो.

कुठली डिस्क कुठे बसवायची याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये असते. त्यात ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं लिहू नयेत, कारण पुढच्या वेळी सुरू करताना ती बदलू शकतात. प्रत्येक फाइल सिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक, यूयूआयडी, लिहावा. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घालावा. नाहीतर डिस्क नसली की सिस्टिम साधारण दीड मिनिट वाट पाहते आणि आणीबाणीच्या काळ्या स्क्रीनवर थांबते. फाइल बदलल्यावर रीस्टार्ट करण्याआधी ‘माउंट’ला ‘ए’ पर्याय देऊन चाचणी घ्यावी. चूक असेल तर ती तेव्हाच कळलेली बरी.

सगळ्यांना एकच पासवर्ड का नको?

छोट्या ऑफिसात सर्रास दिसणारा प्रकार: एकच खातं, आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. काम सोपं होतं खरं. पण ड्रॉइंगची शेवटची प्रत कुणी पुसली, याचं उत्तर मग कधीच मिळत नाही. लिनक्सच्या लेखी सगळं एकाच माणसाने केलेलं असतं.

प्रत्येकाला वेगळं खातं दिलं की त्याला एक क्रमांक मिळतो, यूआयडी. माणसांच्या खात्यांचे क्रमांक आजच्या बहुतेक सिस्टिममध्ये १००० पासून सुरू होतात. रूटचा नेहमी ०. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की डिस्कवर फाइलच्या मालकाचं नाव लिहिलेलंच नसतं. लिहिलेला असतो तो हा क्रमांक. नाव नंतर ‘पासडब्ल्यूडी’ फाइलमधल्या यादीत बघून दाखवलं जातं. (नावावरून वाटतं तसे पासवर्ड आता त्या फाइलमध्ये नसतात. ते सांकेतिक रूपात ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या, फक्त रूटला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असतात.)

फाइल उघडत नाही म्हटलं की रील्समध्ये आणि फॉरवर्डमध्ये एक जालीम उपाय सांगतात: ‘सीएचमॉड ७७७’. हा उपाय म्हणजे कुलूप अडकतंय म्हणून दारच काढून ठेवणं. त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्याला ती फाइल वाचता, बदलता येते. खरा मार्ग गटाचा आहे. ‘हिशेब’ असा गट करायचा, संबंधित खाती त्यात टाकायची, फोल्डर त्या गटाच्या मालकीचं करायचं आणि त्याला ‘सेटजीआयडी’ लावायचं. मग आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. गटाला लिहिण्याची मुभा आहे ना, एवढं एकदा पाहून घ्यावं.

गटात माणूस टाकताना मात्र एका अक्षराने घात होतो. ‘युजरमॉड’ला ‘कॅपिटल जी’ पर्याय देताना सोबत ‘लहान ए’ राहिला, तर तो माणूस नव्या गटात जातो आणि बाकीच्या जोड-गटांतून बाहेर पडतो. त्यातच ‘सुडो’चा गट असला आणि मशीनवर तोच एकटा सुडोवाला असला, तर स्वतःच्याच हाताने स्वतःला बाहेर ठेवल्यासारखं होतं. सुडो म्हणजे स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पासवर्डने, तेवढ्यापुरते रूटचे अधिकार वापरणं. कुणी कोणती कमांड चालवली याची नोंद राहते, म्हणून रूटचा पासवर्ड वाटत फिरण्यापेक्षा हे कधीही बरं. अशी दोन खाती तरी असावीत.

जागेची भांडणं मिटवायला ‘कोटा’ आहे. त्याला दोन पातळ्या असतात, अगदी बंधाऱ्यासारख्या. सॉफ्ट मर्यादा ओलांडली की मुदत सुरू होते, सहसा ७ दिवसांची. हार्ड मर्यादेला पुढे लिहिणंच बंद.

नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं

ते त्याच दिवशी काढून टाकायचा मोह होतो. पण काढलं की त्याच्या फाइली नाव हरवून नुसत्या ‘१००४’च्या म्हणून उरतात. तो सगळ्यात शेवटी आलेला असेल, तर पुढच्या नव्या माणसाला ‘युजरअॅड’ बहुतेक वेळा तोच १००४ क्रमांक देते. नवा माणूस पहिल्याच दिवशी जुन्याच्या फाइलींचा मालक होऊन बसतो. पगाराची शीट असो की ग्राहकाचं गोपनीय ड्रॉइंग.

म्हणून आधी खातं बंद करावं. तेही नुसता पासवर्ड लॉक करून भागत नाही, कारण एसएसएच किल्ली ठेवलेली असेल तर तो घरून आत येऊ शकतो. खात्याची मुदतच संपवावी, चालू असलेलं लॉगिन तोडावं, त्याने लावलेली ठरलेल्या वेळेची कामं (क्रॉन) तपासावीत. फाइली दुसऱ्याच्या नावावर करून, सगळं शांतपणे पाहून, मगच खातं काढावं.

आणि पाणी खरंच आत आलं तर?

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, जुलै २०२१ मध्ये ५६ फूटही ओलांडले. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत तळमजल्यांत पाणी शिरलं. सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटात असेल, तर अशा वेळी दोन्ही एकदम जातात. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, उंच भागात किंवा क्लाउडवर हवी.

भिजलेली डिस्क चालते का बघू म्हणून लगेच वीज देऊ नये. ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी. कोरडी डिस्क वाचली असेल तरी ती विंडोजच्या मशीनला जोडू नये. विंडोजला ईएक्सटी४ किंवा एलव्हीएम ओळखता येत नाही आणि ते फॉरमॅट करायचं का असं विचारू शकतं. घाईत तिथे ‘होय’ दाबलं की पुराने ठेवलेलंही जातं.

दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडली की फाइली दिसतात, पण मालक बदललेले असतात. जुन्या मशीनवरचा १००३ हिशेबनीस होता, नव्यावर १००३ कुणी डिझायनर. डिस्कला फक्त क्रमांक माहीत असतो. म्हणून बॅकअपमध्ये ‘पासडब्ल्यूडी’, ‘ग्रुप’, ‘शॅडो’, ‘एफएसटॅब’ आणि एलव्हीएमच्या रचनेची नोंद या फाइलीही घ्याव्यात. सगळ्या मिळून काही केबी भरतात. ‘शॅडो’ त्यात आहे, म्हणून ती प्रत मात्र कुलूपबंद ठेवावी.