तारेवरची पाखरे आणि ओहमचे गणित

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. मी मराठी शिकवणारा, कथा-कादंबऱ्यांत रमणारा माणूस. फळ्यावर ओहमचा नियम लिहिलेला होता. तो पुसावा की राहू द्यावा, या विचारात होतो, तेवढ्यात मागल्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, टेशनातल्या तारीवर पाखरं बसतात, त्यायले काईच होत नाई. मंग मालगाडीवर चढलेला मानूस काहून मरते?”

वर्ग हसला नाही. बडनेरा जंक्शनचे गाव. उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून फोटो काढण्याची खोड अलीकडे पोरांत शिरली आहे, हे सर्वांना ठाऊक होते. उत्तर फळ्यावरच होते. पण मला ते सांगता येईना. “उद्या सांगतो,” म्हणालो आणि त्या रात्री पुस्तके काढून बसलो.

ज्याच्या नावाचा हा नियम, तो गेऑर्ग ओहम आमच्याच धंद्यातला निघाला. जन्म 1789 चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा, बाप कुलपे करणारा कारागीर. कोलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवता शिकवता तो शाळेच्याच उपकरणांवर प्रयोग करी. निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून त्याने मोजमापे घेतली आणि 1827 साली पुस्तक छापले. त्याचे चीज झाले नाही. उलट नाराज होऊन त्याने नोकरी सोडली. पुढे 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले. म्यूनिकला प्राध्यापकाची जागा मिळाली ती 1852 साली, आणि दोनच वर्षांनी तो वारला.

नियम म्हणाल तर शेतकऱ्याला पटकन कळावा असा. उंच टाकीतले पाणी नळीने मळ्यात आणायचे, तर टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. नळी जितकी लांब आणि बारीक तितकी अडवणूक. विजेचा जोर म्हणजे दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये, आणि अडवणूक, म्हणजे रोध, ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. त्याच 1841 साली मँचेस्टरकडच्या जेम्स ज्यूलने आणखी एक गोष्ट दाखवली : तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट.

या दोन माणसांच्या गणितावर आमची रेल्वे उभी आहे. बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोहोचला, तो कोळशाच्या इंजिनांसाठी. विजेची पहिली गाडी मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसवरून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. तिच्या तारेत दाब होता 1500 व्होल्टचा. ही तार पाच वर्षांत घाट चढून इगतपुरीला आली आणि तिथेच थांबली.

आता हिशेब करून पाहा. इंजिनाला 30 लाख वॅट शक्ती हवी असेल, तर 1500 व्होल्टच्या तारेतून 2000 अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो. म्हणजे तार जाड हवी, वीज पुरवणारी उपकेंद्रे जवळजवळ हवीत. तीच शक्ती 25000 व्होल्टवर घेतली, तर ढोबळमानाने 120 अँपिअर पुरतात. तार तीच धरली, तर वाटेत उष्णतेने वाया जाणारी वीज जवळजवळ पावणेतीनशे पटींनी घटते. फ्रान्समध्ये अशी गाडी चालू शकते हे सिद्ध झाल्यावर 1957 साली भारतीय रेल्वेने 25000 व्होल्ट स्वीकारले. साठीच्या दशकाअखेर इगतपुरीपासून भुसावळपर्यंत या नव्या दाबाची तार आली आणि 1990 च्या सुमारास ती आमच्या बडनेऱ्यावर पोहोचली. मुंबईची जुनी तार मात्र दीर्घायुषी ठरली. 1500 व्होल्टवरची शेवटची लोकल एप्रिल 2016 मध्ये धावली, आणि तीही हार्बर मार्गावरच.

पण काटकसरीसाठी वाढवलेला हा दाब माणसाशी सलगी चालू देत नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच तास मागून घेतला आणि फळ्यावर दोन गणिते मांडली.

पहिले पाखराचे. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर. दोन पायांमधला दाबाचा फरक जवळजवळ शून्य. शून्याला कोणत्याही रोधाने भागा, प्रवाह शून्यच.

दुसरे माणसाचे. डब्याची चाके रुळावर, रूळ जमिनीशी जोडलेले. म्हणजे त्याचे पाय शून्यावर आणि डोक्यावरची तार 25000 वर. शरीराचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरू. घरातल्या 230 व्होल्टला प्रवाह येतो 0.23 अँपिअर, छातीतून याच्या निम्मा गेला तरी काळीज बंद पडू शकते. इथे येतो 25 अँपिअर. शिवाय एवढ्या दाबाची वीज थोडे अंतर हवेतूनच उडी घेते. तारेला हात लावावाच लागतो असे नाही.

“म्हंजे नुसतं जवळ गेलं तरी?” त्याच मुलाने विचारले.

“नुसतं जवळ गेलं तरी,” मी म्हणालो.

त्याने वहीत 25 चा आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीची शिटी आली. एरवी माझा वर्ग अशा वेळी खिडकीकडे पाहतो. त्या दिवशी सगळे फळ्याकडे पाहत होते.